सुझोऊच्या कालव्याकाठचं हॉस्टेल आणि आमची मळ्याची खाडी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पणजीत मळा नावाच्या जुन्या वाड्यावर राहते, खाडीपासून चालत दोन मिनिटांवर, लग्न होऊन इथं आले त्याला 31 वर्षं झाली. मळा आणि शेजारचं फोंताइन्हास या जुन्या वस्त्यांबद्दल आपल्या पेपरात वाचकांची पत्रं येत असतात, फोटोवाल्यांचा त्रास, पार्किंग, खाडीचा वास, मी सगळी वाचते आणि पटतातही, पण स्वतः कधी लिहिलं नव्हतं. आता लिहायला बसले कारण गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे 2025च्या, मी आणि माझी भाची चीनमधल्या सुझोऊला जाऊन आलो आणि तिथं पाच रात्री एका स्वस्तातल्या हॉस्टेलात राहिलो, जुन्या वस्तीत, अगदी कालव्याच्या काठावर, आणि रोज सकाळी खिडकी उघडली की मला आमची खाडीच आठवायची. बरं वाटून पण आणि वाईट वाटून पण.

चीनला कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. भाचीला रेशमाचं काम बघायचं होतं, सुझोऊचं रेशीम आणि भरतकाम फार जुनं, आणि दिल्लीहून शांघायला थेट विमान परत सुरू झालं होतं, तेव्हा ती म्हणाली मावशी आत्ताच जाऊया. शांघायहून फास्ट ट्रेननं अर्ध्या तासात सुझोऊ. आपल्याकडे चीन म्हटलं की काचेच्या उंच बिल्डिंगा डोळ्यांपुढे येतात, आणि त्या सुझोऊत आहेतच, 2020च्या जनगणनेत त्या शहराची वस्ती 1 कोटी 27 लाख होती, गोव्याच्या कितीतरी पट. पण मधला जुना भाग वेगळाच. हे शहर इसवी सनापूर्वी 514 मध्ये वसलं आणि अजून त्याच जागेवर आहे, हलवलं नाही. जुन्या शहरात 24 मीटरपेक्षा उंच बांधायला परवानगी नाही, त्यामुळे मान वर केली की आभाळ दिसतं.

आम्ही राहिलो ती वस्ती पिंगजियांग रोडची. रोड म्हणायचा पण एका बाजूला दगडी फरशीचा अरुंद रस्ता, त्याला लागून कालवा, कालव्यावर थोड्या थोड्या अंतरावर दगडी पूल, सगळं मिळून दीडेक किलोमीटर. आजूबाजूच्या गल्ल्यांतही तसंच, बऱ्याच घरांचं पुढचं दार रस्त्यावर आणि मागचं दार पाण्यावर. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी आमच्या खाडीत कौलं आणि नारळ घेऊन होड्या यायच्या, काळुंदर, शेवटे असे मासे मिळायचे, मला ते कधी नीट डोळ्यांसमोर यायचं नाही, तिथं आलं.

तिथल्या कन्फ्युशियसच्या देवळात जुन्या शिलालेखांचं म्युझियम आहे, त्यात एक शिळा आहे माणसापेक्षा उंच, त्यावर सन 1229 मध्ये या शहराचा नकाशा कोरलाय. रस्ते आणि कालवे शेजारी शेजारी, बुद्धिबळाचे दोन पट एकावर एक ठेवावेत तसे. भाचीनं मोबाईलवर आजचा नकाशा काढला आणि आम्ही दोघी तिथं अर्धा तास उभ्या राहून ताडून बघत होतो, हा पूल तो, ही गल्ली ती, आणि आमच्या हॉस्टेलपुढचा कालवा पण सापडला! जवळजवळ 800 वर्षांपूर्वीचा नकाशा आणि त्यावरून आजही चालता येतं. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते.

आता हॉस्टेलचं सांगते, कारण पत्र त्यासाठीच लिहितेय.

पहिल्या रात्री आमची फजिती झाली होती. आधी बुक केलेल्या जागी गेलो तर काउंटरवरचा माणूस पासपोर्ट बघून म्हणाला की आमच्याकडे परदेशी लोकांची नोंद होत नाही. तिथं प्रत्येक परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती लॉजवालेच करतात. रात्रीचे साडेदहा, थंडी, बॅगा हातात. त्यानंच फोन करून दुसऱ्या हॉस्टेलात जागा मिळवून दिली, तेवढं बरं केलं. मग आम्ही कालव्याच्या काठानं बॅगा ओढत निघालो. दगडी फरशी, बॅगेची प्लास्टिकची चाकं, खड् खड् खड् असा आवाज की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत यायचा. एका घराचा दिवा लागला. हॉस्टेलच्या दारात एक मुलगी उभी होती, तिनं लांबूनच दोन्ही हात वर करून खूण केली, उचला, उचला, आणि स्वतः पुढे येऊन माझी बॅग उचलली. आत गेल्यावर तिनं मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, रात्री 10 नंतर बॅग ओढायची नाही, उचलून न्यायची, शेजारी म्हातारी माणसं झोपतात. दाराच्या आतल्या बाजूला तसा बोर्डही होता, बॅगेचं चित्र आणि त्यावर हाताचं चित्र. वाचता येत नसलं तरी कळेल असा.

संपादक महोदय, मी मळ्यात राहते, मला हा आवाज माहीत आहे. पहाटे दोन-अडीचला टॅक्सी थांबते, दारं धाडकन आपटतात, मग बॅगांची चाकं, मग चार जणांचं मोठ्यानं बोलणं की घर कुठलं, मग कुठलीतरी चुकीची बेल वाजते. माझे सासरे गेले त्याच्या आधीचे तीन महिने ते अंथरुणाला खिळून होते, रात्री दोन वाजता अशी बेल वाजली की ते घाबरे व्हायचे. त्या मुलीनं माझी बॅग उचलली तेव्हा मला ते आठवलं आणि गळा दाटला, तिला काय वाटलं असेल माहीत नाही.

ते हॉस्टेल म्हणजे जुनं चौकाचं घर होतं. मध्ये लहानसं अंगण, एका कोपऱ्यात पारिजातकाएवढं पारिजातकासारखंच वासाचं झाड, ओस्मॅन्थस म्हणतात, सुझोऊचं ते मानाचं फूल, बहर संपला होता तरी एखाद दुसरं फूल होतं. लाकडी जिना, चढताना कुरकुरतो. आमच्या खोलीत सहा बेड, दोन मजली, प्रत्येकाला पडदा, लहान दिवा, खाली कुलपाची पेटी. एका बेडला रात्रीचे 70 युआन, म्हणजे आपले साडेआठशे-पावणेनऊशे रुपये. बाथरूम कॉमन पण कोरडं आणि स्वच्छ, नळाला गरम पाणी. तिथं हिवाळ्यात गारठा फार आणि त्या भागात घरं गरम ठेवायची सरकारी सोय नसते, उत्तर चीनमध्ये असते तशी, म्हणून जाड रजया. उकळतं पाणी मात्र चोवीस तास, सगळे थर्मास घेऊन फिरतात. आमच्याबरोबर तिघी कॉलेजच्या मुली होत्या आणि एक निवृत्त बाई, एकट्या फिरणाऱ्या, माझ्याच वयाच्या. त्या बाई आणि मी रोज रात्री खुणांनी आणि मोबाईलनं गप्पा मारायचो, मुलं किती, गुडघे दुखतात का, कुर्ल्या कशा करता.

कुर्ल्यांचं सांगायलाच पाहिजे. सुझोऊला लागून यांगचेंग नावाचं तळं आहे, तिथल्या केसाळ कुर्ल्या चीनभर प्रसिद्ध, महागही तशाच. त्या बाईंनी शिकवलं की त्यांच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी घ्यायची आणि दहाव्यात नर. आम्ही गेलो ते दहाव्याचे पहिले दिवस. मी तिला सांगितलं की आम्ही पण असंच बघतो, अंवसेची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ. ती इतकी हसली, माझा हातच धरला तिनं. आम्ही दोघींत मिळून एकच घेतली, नुसती वाफवलेली, आल्याच्या व्हिनेगरबरोबर, नारळ नाही मसाला नाही, आणि तरीही चव अशी की अजून आठवतेय.

असो. विषय पाण्याचा आहे.

सकाळी सहाला मी उठून काठावर जायचे, तेव्हा पर्यटक नसतात. समोरच्या घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, झिजून मधे खोलगट झालेल्या, एक आजी खालच्या पायरीवर उकिडवी बसून फडकं पिळायची, मग उठून वर काठीला वाळत घालायची. शेजारी एक माणूस पक्ष्याचा पिंजरा टांगून चहा प्यायचा. पाणी हिरवट होतं, अगदी नितळ होतं असं मी म्हणणार नाही, पण वास नव्हता. अजिबात नव्हता. मी मुद्दाम वाकून बघितलं. आणि पाणी हलत होतं, हळू, पण एकाच दिशेनं.

हे कसं करतात ते हॉस्टेलच्या मुलीला विचारलं, तिनं तिच्या मामाला विचारून सांगितलं आणि भाचीनं नंतर वाचून काढलं. शहराभोवती जुना खंदक आहे, त्यात उत्तरेकडून स्वच्छ पाणी घेतात आणि खंदकातच बांध घालून उत्तरेकडची पातळी दक्षिणेपेक्षा थोडी वर ठेवतात, तेवढ्यानं पाणी आपसूक जुन्या शहरातल्या कालव्यांतून वाहत राहतं, आणि घरांचं सांडपाणी कालव्यात न सोडता गटाराच्या पाइपात नेलंय. हे ऐकून मी म्हटलं, अगो, ही तर मानस! आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, काय करतात, बांध घालायचा, मानशीची दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडायची मिटायची, पाणी किती आत घ्यायचं किती सोडायचं ते ठरवायचं. गोव्यातल्या माणसाला हे शिकवायला नको, आपल्या पूर्वजांनी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून खाजनं राखली. मग आमच्याच राजधानीत, मांडवीला मिळणाऱ्या एवढ्याशा ओरें खाडीला ओहोटीच्या वेळी नाकाला पदर लावून का जावं लागतं? गाळ साचतो, सांडपाणी कुठून कुठून येतं, प्लास्टिक पुलाखाली अडकतं, आणि काठावर मात्र रंगवलेली घरं आणि सेल्फी.

तिथल्या जुन्या घरांत पूर्वी संडास नव्हते, लाकडाची झाकणाची बादली असायची, मा-थोंग म्हणतात, सकाळी ती रिकामी करून धुणं हे बायकांचं काम. आपल्याकडे डुकरांचे संडास होते, माझ्या माहेरी मी लहान असेपर्यंत होता, तेव्हा नाक मुरडायचं काही कारण नाही. सांगायचं हे की पिंगजियांग रोडचं काम 2002च्या सुमारास काढलं तेव्हा भिंती रंगवण्याबरोबर वायरी आणि पाइपही जमिनीखाली घातले, म्हणजे राहणाऱ्या माणसाची सोय बघितली. 2005 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाचा गौरव झाला, आणि 2014 मध्ये चीनचा ग्रँड कॅनॉल, म्हणजे बीजिंगपासून हांगझोऊपर्यंतचा मोठा कालवा, जागतिक वारसा झाला त्यात या वस्तीचाही समावेश आहे. (आमच्याकडे पर्यटकांना फोंताइन्हास युनेस्कोच्या यादीत आहे असं सर्रास सांगतात, मी स्वतः ऐकलंय. यादीत आहेत ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स, 1986 पासून. फोंताइन्हास नाही. वस्ती सुंदर आहे, खोटं सांगायची गरज काय?)

तिथं सगळं छान आहे असं मात्र मला लिहायचं नाही. मुख्य रस्त्यावर जवळजवळ सगळी दुकानं झालीयत, चहा, मिठाई, रेशमाचे रुमाल, भाड्यानं जुन्या काळचे पोशाख देणारी दुकानं, आणि ते पोशाख घालून पुलांवर फोटो काढणाऱ्या मुली. शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी फडकं पिळणाऱ्या आजीनं दार लावून घेतलेलं मी बघितलं. आमच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या की तरुण माणसं नव्या भागात फ्लॅट घेऊन गेलीत, जुन्या घरांत म्हातारी उरतात. ते आमच्याकडेही तसंच, माझ्या दोन्ही मुलांपैकी एकही मळ्यात राहत नाही. पण मुख्य रस्ता सोडून कुठल्याही गल्लीत दहा पावलं आत गेलं की वस्ती जिवंत, कांदापातीचा वास, शाळेतून आलेली पोरं, रजया उन्हात घातलेल्या. कुन्छू नावाचं त्यांचं जुनं संगीत नाटक आहे, त्याचं म्युझियम अशाच एका गल्लीत, आणि चहाच्या दुकानात संध्याकाळी पिंगतान, म्हणजे दोघं बसून तंतुवाद्य वाजवत गोष्ट गाऊन सांगतात, ती सुझोऊच्या बोलीत. एक शब्द कळला नाही मला. तरी आपल्या कीर्तनकारासारखं सूर थांबवून मधेच डोळे मोठे करून बोलायची लकब ओळखीची वाटली.

आता आमच्याबद्दल. आम्ही तिकडे होतो त्याच दिवसांत पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव चालू होता. भाचीची साताऱ्याची मैत्रीण सिनेमे बघायला येणार होती, कॉलेजात शिकवते, पगार बेताचा, तिला मळ्यात किंवा आसपास चार हजारांखाली खोली मिळेना, शेवटी ती म्हापशाला राहिली आणि रोज बसनं ये-जा केली, रात्रीचे शो सोडून दिले. स्वस्त बेड पणजीत नाहीतच असं नाही, मिरामारला युथ हॉस्टेल आहे, फोंताइन्हासमध्येही हॉस्टेलं निघालीत. पण आमच्या वाड्यावर हॉस्टेल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हॉस्टेल म्हणजे दारू, गाणी, रात्री दंगा. शेजाऱ्यांचा हा राग खोटा नाही. मी पण त्यातलीच होते. पाच रात्री सुझोऊला राहून माझं मत बदललं, स्वस्तात राहणारा पाहुणा वाईट नसतो, त्याला कोणी सांगत नाही की तू कुणाच्या दारात झोपतोयस.

आणि वाड्यावरचे नियम पाळायला लावायचे तर वाड्यावर माणसं राहायला पाहिजेत. सगळी घरं विकली गेली किंवा कॅफेंना दिली तर रात्री 10 नंतर गप्प राहा म्हणायला उरणार कोण? म्हणून माझं म्हणणं आधी राहणाऱ्यांची सोय करा. खाडीत येणारी सांडपाण्याची प्रत्येक नळी शोधून गटाराला जोडा, आणि त्याचा नकाशा लोकांना दाखवा, कुठली जोडली कुठली राहिली. जुन्या कौलारू घराचा वासा बदलायचा तर परवानगीसाठी महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागतात, मी घातलेत, तो त्रास कमी करा, नाहीतर माणूस कंटाळून घर विकतो. सरकारी मालकीचं एखादं जुनं घर दुरुस्त करून तिथं हजार रुपयांच्या आत बेड मिळेल असं पथिकाश्रम काढा, आणि ते चालवायला वाड्यावरच्याच बायका-मुलांना घ्या. मी स्वतः सकाळचे चार तास बसायला तयार आहे. पाव पोदेराकडचा, भाजी आमच्या हातची.

फोटोंबद्दल लोक बंदी बंदी म्हणतात. मला बंदी नको. सकाळी 9 ते संध्याकाळी 6, बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, चढायचं नाही, दारात कपडे बदलायचे नाहीत, ड्रोन नाही, लग्नाच्या शूटला पैसे भरून परवानगी आणि ते पैसे खाडीच्या साफसफाईला. एवढं पुरे.

गाळ काढायचं काम मात्र मे महिना उजाडायच्या आत व्हायला हवं. दरवर्षी जूनच्या पहिल्या पावसात मळ्यात पाणी भरतं, मांडवीला भरती असली तर पाणी ओसरतच नाही, आणि तेव्हा मारुतीच्या देवळाच्या पायथ्यापासून खाली सगळ्यांच्या घरात सामान वर उचलून ठेवायची घाई. मानशीची दारं कोण सांभाळायचा, कधी उघडायचा, याचे खाजनात नियम ठरलेले होते, माणूस नेमलेला होता. आमच्या खाडीसाठी असा एक माणूस कोण आहे, त्याचा फोन नंबर काय, हे संबंधितांनी आपल्याच पेपरात छापावं ही विनंती.

तोवर मी एक केलंय. भाचीनं चित्र काढून दिलं, बॅग आणि तिच्यावर हात, खाली मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत ‘रात्री 10 नंतर उचलून न्या’. आमच्या गल्लीतल्या तिन्ही होमस्टेवाल्यांना एकेक प्रत दिली. दोघांनी लावली, तिसरा म्हणाला बघतो.

आपली,
एक वाचक
मळा, पणजी